इरलं आहे का, आजी?

जूनचा शेवट आला की कसारा स्टेशनाबाहेर एक जमात दिसू लागते. सॅक पाठीवर नाही, पोटाशी. सॅकला प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीवर छत्री आणि छत्रीच्या बाहेर माणूस. माणूस नखशिखांत भिजलेला असतो, पण त्याचं त्याला काही नसतं. सॅकच्या चेनीवर एक थेंब पडला की मात्र जीव वरखाली होतो. शेअरिंगच्या जीपवाल्यांना हे गिऱ्हाईक लांबूनच कळतं. बाकीच्यांना ते ‘खोडाळा, खोडाळा’ अशी हाळी देतात. याला ‘धबधबा, धबधबा’ अशी.

हा हौशी छायाचित्रकार. सोमवार ते शुक्रवार तो बँकेत, महापालिकेत नाहीतर ठाण्या-डोंबिवलीच्या एखाद्या कंपनीत हिशेब जुळवत असतो. शनिवारी पहाटे त्याच्या अंगात येतं. मीही याच जमातीतला, तेव्हा पुढे कुणाची टिंगल झालीच तर ती घरातल्या घरात आहे.

कसाऱ्याहून मोखाडा तालुक्यातल्या खोडाळ्याला जाणारा रस्ता विहीगाववरून जातो. तिथला धबधबा ‘अशोका’ म्हणून ओळखला जातो, कारण २००१ साली आलेल्या त्या नावाच्या सिनेमाचं चित्रीकरण तिथे झालं होतं. जीपमध्ये बाजार करून परतणारी माणसं, खताच्या गोण्या, एखादी कोंबडी आणि मांडीवर घेतलेली पोरं असतात. त्यांच्या मधोमध आमचा गडी दर वळणावर कळवळून म्हणतो, “दादा, जरा थांबता का? दोनच मिनिटं.” ड्रायव्हर सज्जन असतो. तो म्हणतो, “थांबतो ना. तुम्ही उतरा. आम्ही जातो.”

पण ही सगळी पुढची गोष्ट. खोडाळ्याला पोचेपर्यंत हौशी माणूस अर्धी लढाई घरातच लढून आलेला असतो. लेन्सची किंमत घरी कशी सांगावी हे या छंदातलं सर्वात अवघड कौशल्य आहे, आणि ते कुठल्याही कार्यशाळेत शिकवत नाहीत. नवी लेन्स घरात आली की ती ‘मित्राची’ असते. काही दिवस तिचा मुक्काम लांबतो. मग चहा ओतताना बायको सहज विचारते, “अहो, हा मित्र स्वतः कधी येत नाही का हो आपल्याकडे?” एकाने यावर ‘सेकंडहँड घेतली’ हा तोडगा काढला. त्याच्या घरात आता कपाटभर सेकंडहँड वस्तू आहेत आणि प्रत्येकीचा खोका नवाकोरा आहे. बायकांना हे सगळं पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं असा माझा दाट संशय आहे. त्या फक्त हिशेब लिहून ठेवतात आणि दिवाळीच्या सुमारास सोनाराच्या दुकानात तो वळता करून घेतात.

या बाबतीत आम्हा लोकांचं कुलदैवत खोडाळ्यापासून फार लांब नाही. मोखाड्याहून घाट चढून पलीकडे गेलं की त्र्यंबक. तिथे १८७० साली धुंडिराज गोविंद फाळके जन्मले. पुढे दादासाहेब झाले, चित्रपटसृष्टीचे जनक झाले वगैरे आपण शाळेत शिकलो. पण त्याआधी हा माणूस फोटोग्राफीच्या नादाने पछाडलेला होता, हे आम्हाला जास्त जवळचं. त्यांनी गोध्र्याला फोटोचा धंदा करून पाहिला. बडोद्यात केला, तर तिथे लोकांचा समज असा की कॅमेरा माणसातली शक्ती शोषून घेतो आणि माणूस लवकर मरतो. गिऱ्हाईक कुठून येणार? नंतर सिनेमाचं वेड लागलं तेव्हा विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून ते १९१२ साली लंडनला जाऊन आले. आणि ‘राजा हरिश्चंद्र’च्या वेळी सरस्वतीबाईंचे दागिने गेले. या बाई नुसते दागिने देऊन थांबल्या नाहीत. फिल्मला भोकं पाडणं, रसायनं कालवणं, वर आख्ख्या चमूचा स्वयंपाक, हे सगळं त्यांनी केलं. आमच्यातला एकजण ही हकिगत घरी मोठ्या आशेने सांगायला गेला. सगळं ऐकून घेऊन बायको म्हणाली, “बरं. मग तुमचा हरिश्चंद्र कधी येतोय?”

फाळक्यांची मला सर्वात आवडणारी गोष्ट वाटाण्याची आहे. कुंडीत वाटाणा पेरून त्याच्यासमोर त्यांनी कॅमेरा मांडला आणि महिनाभराहून जास्त दिवस, रोज एक याप्रमाणे चौकटी टिपल्या. पडद्यावर बघता बघता बीचा वेल झाला. हीच फिल्म दाखवून त्यांनी पुढचं भांडवल उभं केलं. घराबाहेर पडायला वेळ नाही, सुट्टी नाही, पैसा नाही असं रडगाणं आमच्या गटात कुणी गायला लागलं की आम्ही एवढंच म्हणतो, “वाटाणा लाव.” गच्ची, खिडकीतली तुळस, समोरच्या इमारतीवरची कबुतरं, यांवर काहीजणांची वर्षं छान गेली आहेत.

पण पावसाळ्यात वाटाण्याने भागत नाही. तेव्हा खोडाळाच हवं.

खोडाळ्यात जुलैमध्ये काय दिसतं? खरं सांगायचं तर पांढरं दिसतं. समोर डोंगर आहे, दरी आहे, सूर्यमाळची बाजू आहे, असं जाणकार सांगतात. आपण मान हलवायची. धुकं हटलं की अर्धा मिनिट सगळं लखलखीत हिरवं होतं, आणि नेमका तेव्हा तुमच्या लेन्सवर घाम आलेला असतो. एसी लावलेल्या गाडीतून कॅमेरा एकदम दमट हवेत काढला की काचेवर दव साचतं, आणि ते पुसून जात नाही. काच बाहेरच्या हवेइतकी उबदार होईपर्यंत थांबावं लागतं. या बाबतीत जीपने येणारा नशीबवान. त्याच्या जीपला काचाच नसतात.

धुक्याचे फोटो घरी येऊन पाहावेत तर सगळे मळकट. याचं कारण कॅमेऱ्याच्या स्वभावात आहे. समोर काहीही ठेवा, त्याचा मीटर ते मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून चालतो. पांढरं धुकं दाखवलं की त्याला वाटतं फारच उजेड आहे, आणि तो सगळं काळवंडून टाकतो. म्हणून धुक्यात उजेड एक पायरीभर मुद्दाम वाढवावा लागतो. एवढी साधी गोष्ट, पण ती कळेपर्यंत आमच्यातल्या प्रत्येकाने ‘मूडी आहे’ म्हणून दोन-चार पावसाळे काढलेले असतात.

दमट हवेचा दुसरा प्रसाद म्हणजे बुरशी. हवेतली आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिली की लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे धरतात आणि हळूहळू काचेवरचा लेप खातात. यावर उपाय साधा आहे. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि निळे दाणे गुलाबी झाले की ते तापवून पुन्हा निळे करायचे. पण कुणीतरी कुणालातरी सांगितलेलं असतं की तांदूळ ओलावा शोषतो. आमच्या एका मित्राने मोठ्या विश्वासाने लेन्स घरातल्या तांदळाच्या डब्यात पुरली. संध्याकाळी त्याच्या आईने खिचडीसाठी माप घातलं आणि काहीतरी ठण्णकन वाजलं. आईने लेन्स बाहेर काढली, फुंकर मारली, उजेडात धरून पाहिली आणि शांतपणे विचारलं, “ही भिजत घालायची का किती वेळ?” लेन्सच्या रिंगेत तांदळाची पूड गेली ती अजून करकर करते.

धबधब्याचंही एक सांगायला हवं. पाणी मऊसूत, रेशमी दिसावं म्हणून शटर अर्धा सेकंदभर उघडं ठेवायचं, त्यासाठी तिवई लावायची, लेन्सवर काळी काच बसवायची, हा आमच्यातला धर्मच. एकाने असा फोटो मोठ्या कौतुकाने शेजारी उभ्या असलेल्या गावातल्या पोराला दाखवला. पोराने फोटो बघितला, समोरचा धबधबा बघितला, पुन्हा फोटो बघितला. “काका, हाललंय,” तो म्हणाला. “बाकी दगड चांगलं आलंत. पानी तेवढं हाललंय.” तेव्हापासून या माणसाचा रेशमावरचा विश्वास उडाला तो उडालाच.

तिवईचा दुसरा ताप तर वेगळाच आहे. या भागात तीन पायांवर काहीतरी उभं करून एका डोळ्याने दरीकडे बघणारा माणूस म्हणजे सर्व्हेवाला. आणि सर्व्हे म्हणजे काय हे इथल्या माणसाला नीट माहीत आहे. मुंबईला पाणी देणारं मध्य वैतरणा धरण याच मोखाडा तालुक्यात, कोचाळ्याजवळ आहे. गारगाई, पिंजाळ ही पुढच्या धरणांची नावंही लोक वर्षानुवर्षं ऐकत आले आहेत. तेव्हा बांधावर तिवई रोवली की पाच मिनिटांत कुणीतरी शेजारी येऊन बसतं. बोलत काही नाही. बिडी पेटवतं. मग हळूच विचारतं, “कशाचा सर्व्हे म्हणायचा?” धुक्याचा फोटो काढतोय असं सांगितलं तर विश्वास बसत नाही, आणि का बसावा? शहरातून पेट्रोल जाळून कुणी धुकं बघायला येईल ही गोष्टच मुळात पटण्यासारखी नाही.

एवढं होऊनही डोंगर, धुकं, धबधबा हे सोपे विषय, कारण ते काही बोलत नाहीत. खरी भंबेरी माणसाचा फोटो काढताना उडते. ऑफिसात साहेबाशी तावातावाने भांडणारा माणूस इथे एका म्हातारीला ‘फोटो काढू का?’ विचारताना घामाघूम होतो. मग तो झाडामागे लपून लांबच्या लेन्सने काढतो. असे फोटो आम्हा सगळ्यांकडे ढिगाने आहेत. त्यांत प्रत्येक माणूस पाठमोरा आहे, किंवा अगदी संशयाने थेट आमच्याकडे बघतो आहे.

आमच्या गटातले एक काका, बँकेतून निवृत्त झालेले, यांनी ही लाज धीटपणाने मोडली, पण डोक्यात एक चित्र पक्कं धरून. पावसात इरलं घेऊन भाताची लावणी करणारी बाई. बांबूच्या कामट्या, वर पानांचा थर, खाली वाकलेली पाठ. कॅलेंडरवर असतं तसं. सूर्यमाळच्या रस्त्याला एका खाचरात बाया लावणी करत होत्या. सगळ्यांच्या डोक्यावर निळं-पिवळं प्लॅस्टिक, एकीच्या अंगात शाळेच्या पोराचा रेनकोट. काका बांधावरून ओरडले, “आजी, इरलं नाही का?”

“हाय की.”

“मग घातलं का नाही?”

“जड व्हतंय त्ये. तुला व्हवं का?”

काकांना हवंच होतं. आजीने नातवाला पिटाळलं. तो माळ्यावरून इरलं घेऊन आला. एका कडेला उंदराने कुरतडलेलं, आत कोंबडीने केव्हातरी संसार थाटलेला. आजीने ते उलटं करून झटकलं, पिसं उडाली, आणि तिने ते डोक्यावर घेतलं. काकांनी बसून, वाकून, चिखलात एक गुडघा टेकून कॅमेरा लावला. तेवढ्यात बाकीच्या बायांना हसू फुटलं. एकीला फुटलं ते सगळ्यांना लागलं. आजी हसायला लागली आणि इरलं हलायला लागलं. शेवटी तिनेच इरलं काढून काकांच्या डोक्यावर ठेवलं, त्यांच्या हातात भाताच्या रोपांची मूठ दिली आणि रेनकोटवालीला म्हणाली, “काढ गं याचा.” तिने कंबरेच्या पिशवीतून मोबाइल काढला आणि काढला. काकांच्या त्या दिवसाच्या सगळ्या फोटोंमध्ये हाच एक बघण्यासारखा आहे. तो त्यांनी काढलेला नाही, एवढंच.

या प्रसंगानंतर काकांनी कॅलेंडरातलं चित्र सोडलं. निळं प्लॅस्टिक आणि शाळेचा रेनकोट यांचेच फोटो ते काढू लागले, आणि सांगायला हरकत नाही, ते कितीतरी चांगले येतात. करड्या पावसात ते निळं फार उठून दिसतं.

दुसरी अडचण नेमकी उलटी. दारात नाचणी निवडत बसलेली आजी, सुरकुतलेला चेहरा, बाजूने येणारा उजेड. तुम्ही धीर करून विचारता. आजी हो म्हणते आणि उठून आत जाते. बराच वेळ जातो. उजेडही जातो. मग आजी बाहेर येते ती ठेवणीतलं लुगडं, तेल लावून चापून बसवलेले केस आणि मागे नातवाने उचललेली प्लॅस्टिकची लाल खुर्ची घेऊन. खुर्चीत बसून दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवते आणि शिपायासारखी ताठ होते. आपल्याला हव्या होत्या सुरकुत्या. तिने पावडर लावलेली असते. आपण जवळ जाऊन चेहरा पकडायला लागलो की ती विचारते, “पाय आले का? पाय कापू नको.” फोटो म्हणजे अख्खा माणूस, डोक्यापासून पायापर्यंत. माझ्या मते आजीचं बरोबर आहे. फोटो तिचा आहे, तो तिच्या मनासारखा आधी निघाला पाहिजे. तो काढून झाला, ‘झालं’ म्हणून तिने पदर सैल सोडला, नातवाला खुर्ची आत ने म्हणून हाकलला, की त्या क्षणी तुमचा फोटो मिळतो. हे आम्हाला कुठल्या पुस्तकाने शिकवलं नाही.

उन्हाळ्यातल्या खोडाळ्याबद्दल मात्र विनोद करवत नाही. एप्रिल-मे महिन्यांत इथल्या पाड्यांवर बाया कोरड्या पडत चाललेल्या विहिरींवरून डोक्यावर हंडे आणतात. हा फोटो स्पर्धेत हमखास लागतो, म्हणून तो काढायला मुद्दाम येणारे आहेत. ते मुंबईहून येतात. त्यांच्या सॅकच्या बाजूच्या कप्प्यात पाण्याची बाटली असते, आणि त्या बाटलीतलं पाणी बहुतेक वैतरणेचंच असतं.

बोहाड्याच्या रात्री गेलात तर वेगळी परीक्षा. फाल्गुन-चैत्राच्या दिवसांत मोखाड्याकडे देवादिकांचे आणि राक्षसांचे मुखवटे घालून सोंगं रात्रभर नाचतात. उजेड कमी, सोंग जागेवर ठरत नाही, आणि फ्लॅश मारला तर रावणाचे डोळे दिपून तो तुमच्या अंगावर येण्याची भीती. शेवटी कॅमेरा गळ्यात टाकून बघत राहावं हे उत्तम. सकाळी फोटो हललेले असतात, रात्र मात्र लक्षात राहते. दिवाळीनंतर माणसांचे फोटो काढायला म्हणून आलात, तर मात्र पाडे अर्धे रिकामे सापडतील. माणसं वीटभट्ट्यांवर गेलेली असतात, भिवंडी-वसईकडे. घरी म्हातारी माणसं राहतात. ती बोलायला मोकळी असतात. तासभर बोलतात.

वयाचं दुखणं सगळ्यांत शेवटी कळतं. चाळिशी आली की कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावरचे आकडे दिसेनासे होतात. चष्मा लावावा तर डोळा कॅमेऱ्याला टेकत नाही, काढावा तर फोटो आला की नाही ते कळत नाही. फाळक्यांचे तर १९११ च्या सुमारास सततचे सिनेमे आणि रात्रंदिवसचे प्रयोग यांपायी डोळेच जायची वेळ आली होती, उपचारांनी वाचले. आपले तेवढ्या मोठ्या कारणाने जात नाहीत, पण जातात. त्यात गुडघे. खालून फोटो काढायला बसलेल्या आमच्या गटाला उठवायला दोन तरुण लागतात, आणि ते तरुण मोबाइलने फोटो काढून केव्हाच पुढे गेलेले असतात. उद्धव ठाकरे यांनी गडकिल्ल्यांचे फोटो आकाशातून काढले, त्यांचं ‘महाराष्ट्र देशा’ हे पुस्तक २०१० साली आलं. ते पाहून आमच्यातल्या एकाने उंचावरून फोटो काढायचं मनावर घेतलं. हेलिकॉप्टर नव्हतं, म्हणून तो एसटीच्या खिडकीपाशी बसतो. जव्हार आगाराच्या गाड्यांतून त्याने काढलेली धुकट, तिरकी, खिडकीच्या गजासकटची चित्रं आम्हा सगळ्यांत उजवी आहेत. गुडघ्यांना त्रास नाही, तिकीट ज्येष्ठ नागरिकाचं.

सर्वात जिव्हारी लागलेली गोष्ट मला एका पाड्यावर ऐकायला मिळाली. फोटो काढून झाल्यावर मी नेहमीप्रमाणे म्हणालो, “पाठवतो हं आजी.” आजी म्हणाली, “मागच्या सालीबी एक आलता. त्योबी पाठवणार व्हता. त्याच्या आधीच्या सालीबी.” तिच्या आवाजात तक्रार नव्हती. पाऊस यंदा उशिरा आला असं सांगावं तसं तिने सांगितलं.

तेव्हा खोडाळ्याला जरूर या. देवबांधच्या गणपतीला हात जोडा, धुक्यात उजेड एक पायरी वाढवा, लेन्स तांदळात पुरू नका. पण ज्याचा फोटो काढाल त्याचा पत्ता लिहून घ्या. व्हॉट्सअॅपवर पाठवतो म्हणू नका. पुष्कळ पाड्यांवर रेंज नाही आणि आजीकडे मोबाइल नाही. कागदावरची प्रिंट वडापावपेक्षा फार महाग पडत नाही. पुढच्या खेपेला ती घेऊन जा, पाय दिसतील अशी. आणि कसाऱ्याला परतणारी शेवटची जीप किती वाजता ते उतरल्या उतरल्या विचारून ठेवा, सूर्यास्त झाल्यावर नाही.